53 किमीची ट्रेल शर्यत: घड्याळातल्या रेषेवर किती भरवसा ठेवायचा?

पंचवटीएक्सप्रेस

नमस्कार मंडळी. रस्त्यावरच्या मॅरेथॉन करून झाल्या, आता डिसेंबरातल्या सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्राच्या 53 किमीला नाव दिलंय. डोंगर मला नवे नाहीत. कॉलेजात असताना राजगड-तोरणा केलाय, पण तेव्हा पुढच्याच्या सॅककडे बघत चालायचं एवढंच काम होतं. वाट शोधायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

माझ्या घड्याळात नकाशा दिसत नाही. काळ्या पडद्यावर एक रेषा आणि आपला बाण, बस्स. सराव म्हणून ब्रह्मगिरीवर गेले होते, मैत्रिणीने दिलेली जीपीएक्स फाइल (वाटेची रेषा साठवलेली असते ती) टाकून. पायऱ्यांच्या वाटेवर कातळाला लागून जाताना घड्याळ सारखं थरथरत होतं, "मार्ग सोडला" म्हणून. आता त्या कोरीव पायऱ्या सोडून मी जाणार कुठे? वर एका फाट्यावर थांबून बघितलं तर बाण जागच्या जागी गरगर फिरायला लागला. आणि येताना त्याच वाटेने उतरत होते, तर "उरलेलं अंतर" मध्येच दुप्पट झालं, थोड्या वेळाने परत ठीक.

घड्याळ बिघडलंय, फाइल बिघडलीय की मला वापरता येत नाही? नकाशावालं महाग घड्याळ घ्यावं का? नवरा म्हणतो घे, पण तो स्वतः पळत नाही त्यामुळे त्याचं मत मोजत नाही.

टेकडीबहाद्दर

शर्यतीत रिबिनी लावलेल्या असतात की हो. रिबीन दिसली की पुढे, नाही दिसली की मागे. आम्ही घड्याळात फक्त वेळ बघतो आणि फिनिशला पोहोचतो.

साखळीवाला

बहाद्दर, तुम्ही पुढच्या घोळक्यात पळता म्हणून तुम्हाला तसं वाटतं. मागच्या निम्म्या लोकांना तासन् तास एकट्याने पळावं लागतं, आणि तिथेच घड्याळाचा प्रश्न येतो.

पंचवटीताई, मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीला आहे. रेषा कुठून जाते आणि माणूस कुठे उभा आहे, यावरची भांडणं सोडवण्यातच नोकरी चाललीय. शेताच्या बांधावर आम्ही रोव्हर, म्हणजे मोजणीचं जीपीएस यंत्र, लावतो. त्याला कॉर्स स्टेशनकडून, म्हणजे जागा पक्की माहीत असलेल्या कायमच्या केंद्राकडून, सतत दुरुस्ती मिळत असते, म्हणून तो काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. तुमच्या मनगटावरच्या यंत्राला अशी कुणाची मदत नसते, अँटेना एवढीशी, आणि वर तो हात सारखा झुलतोय. मोकळ्या आकाशाखाली ते पाचेक मीटरमध्ये जागा दाखवतं हेच मला नवल वाटतं. तुमचं घड्याळ बिघडलेलं नाही.

कातळाचं आधी घेऊ, कारण हीच खरी ग्यानबाची मेख आहे. उंच कड्याखाली निम्मं आकाश झाकलं जातं. काही उपग्रहांचा संदेश सरळ न येता समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर आपटून येतो. तो उशिरा पोहोचतो, म्हणजे जास्त अंतर चालून आला असा हिशेब घड्याळ मांडतं आणि तुम्हाला वीस-तीस मीटर दरीत नेऊन ठेवतं. ज्या घड्याळांना दोन फ्रिक्वेन्सी पकडता येतात, एल वन आणि एल फाइव्ह, त्यांच्यात हा घोळ कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

मग खरोखर वाट सुटली आणि नुसताच कड्याचा खेळ चाललाय, यातला फरक ओळखायचा कसा? बाण आणि रेषा यांच्यातलं अंतर वाढतंय का ते बघा. तुम्ही पन्नास-साठ पावलं गेलात आणि बाण रेषेपासून तेवढाच लांब, तिच्या बाजूबाजूने चाललाय किंवा उड्या मारतोय, तर तो कातळाचा परिणाम. वाट मळलेली असेल तर खुशाल पुढे जा. पण अंतर सावकाश आणि सतत वाढत चाललंय, रेषा एका दिशेला आणि तुम्ही दुसऱ्या, तर तुम्ही डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवर, म्हणजे भलत्याच उतरत्या धारेवर, उतरताय. तिथेच वळायचं. "पुढे कुठेतरी जोडली जाईल" हे वाक्य सह्याद्रीत मनातही आणायचं नाही, पुढे बहुतेक वेळा कडा असतो.

बाण गरगर फिरण्याचं कारण साधं आहे. आपण चालतो तेव्हा मागची जागा आणि आताची जागा यावरून घड्याळ दिशा काढतं. थांबलात की त्याच्याकडे चुंबकसुई उरते, आणि ती बहुतेकांनी घड्याळ घेतल्यापासून कॅलिब्रेट केलेली नसते. मनगट इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवून ते करता येतं. शिवाय घड्याळाशेजारी फोन किंवा पॉवर बँक धरली तर सुई भरकटते. आपला बेसाल्टही अगदी निष्पाप नाही, त्यात मॅग्नेटाइट असतं, तेव्हा दिशा घेताना खडकाला हात टेकून उभं राहू नका. फाट्यावर शंका आली तर थांबून विचार करत बसण्यापेक्षा एका वाटेने वीसेक पावलं चाला, बाण आपोआप स्थिरावतो.

फाट्यांबद्दल अजून एक. "मार्ग सोडला" हा इशारा यायला वेळ लागतो. घड्याळ आधी खात्री करून घेतं, नाहीतर ते दर मिनिटाला ओरडलं असतं. समजा तुम्ही उतारावर सात मिनिटांना एक किमी अशा गतीने आहात आणि इशारा तीस सेकंदांनी आला. तेवढ्यात सत्तर मीटर पुढे गेलात आणि पंधरा-वीस मीटर उंची घालवून बसलात. ती परत चढायची. म्हणून मी इशाऱ्याची वाट बघत नाही. फाटा ओलांडला की चाळीसेक पावलांनी मनगटाकडे एक नजर टाकतो, बाकी वेळ वाटेकडे. आणि पडद्याचं प्रमाण आपोआप बदलू देऊ नका, दीड-दोनशे मीटरवर बांधून ठेवा. आठशे मीटरच्या प्रमाणात दोन ढोरवाटा एकच दिसतात.

उरलेलं अंतर दुप्पट झालं ते वाट स्वतःवरूनच परत येते म्हणून. जाती आणि येती रेषा एकावर एक असतात, तुम्ही कुठल्या रेषेवर आहात हे घड्याळाला कळत नाही. अशा ठिकाणी फाइलचे दोन तुकडे करा, चढ वेगळा, उतार वेगळा. वर गेल्यावर दुसरी फाइल सुरू करायची.

आता फाइलबद्दल, कारण लोक घड्याळावर हजारो रुपये घालतात आणि फाइल उघडूनही बघत नाहीत. आयोजक देतील तीच घ्या, शर्यतीच्या आधी शेवटची सुधारलेली. व्हॉट्सॲपवर फिरणारी कुणाची तरी जुनी नको. मग ती संगणकावर उपग्रहचित्रावर टाका आणि शांतपणे पूर्ण वाट बोटाने फिरा. फाइल दोन प्रकारची असते. एक, कुणीतरी प्रत्यक्ष पळून नोंदवलेली. तिच्यात तो माणूस जिथे वडापाव खायला बसला तिथे रेषेचा गुंता सापडतो. दुसरी, संगणकावर बसून आखलेली. तिच्यात वळणं कापलेली असतात, नागमोडी वाट सरळ उताराची दिसते. दोन्ही चालतात, पण आपल्या हातात कुठली आहे ते माहीत हवं. घड्याळात टाकताना काही वेळा बिंदू आणखी विरळ केले जातात, त्यामुळे घड्याळातली रेषाही एकदा तपासा.

याच कारणाने अंतर कधीच जुळत नाही. दोन-तीन टक्के फरक अगदी सामान्य. 53 किमीत तीन टक्के म्हणजे दीड किमीच्या वर. कट-ऑफच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत न पोहोचल्यास बाद होण्याच्या मर्यादेच्या, मागे लागलेल्या माणसाला दीड किमी म्हणजे काय ते मी सांगायला नको. म्हणून "किती पळालो" हा आकडा विसरा. चेकपॉइंट, पाणी, अवघड फाटे हे आधीच फाइलमध्ये खुणा म्हणून घाला आणि "पुढच्या खुणेपर्यंत किती" तो आकडा लावा. तो तुमच्या रेषेवरच्या जागेवरून काढला जातो, सकाळपासून साठत आलेली चूक त्यात शिरत नाही.

उंचीचा आकडा लोक वाया घालवतात. एका उतारावर, एकाच पदराच्या (डोंगराच्या कुशीतल्या सपाट टप्प्याच्या) वर-खाली, दोन वाटा समांतर जात असतील तर वरून बघितल्यावर त्यांच्यात पंधरा मीटर अंतर दिसतं आणि जीपीएसला ते नीट सांगता येत नाही. पण त्यांच्या उंचीत तीस मीटरचा फरक असू शकतो आणि वायुदाबावर चालणारं उंचीमापक तो सांगतं. एक पथ्य पाळायचं. आपल्या भागात हवा स्वच्छ असली तरी सकाळी दहाच्या सुमाराला दाब जास्त असतो आणि दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो, रोज. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेआठ मीटर. तेव्हा दुपारपर्यंत घड्याळ तुम्हाला पंचवीस-तीस मीटर उगाचच वर चढवून ठेवतं. ओळखीची उंची असलेल्या जागी, एखाद्या खिंडीत किंवा माचीवर, ते परत जुळवून घ्यायचं.

नकाशावालं घड्याळ या शर्यतीसाठी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. नाला कुठे, गाव कुठे हे त्यात दिसतं, ते छान आहे. पण दोन बोटांच्या पडद्यावर दमलेल्या डोळ्यांनी नकाशा वाचणं हे वेगळंच कसब आहे. आणि त्यातल्या पायवाटा बऱ्याचदा ओपनस्ट्रीटमॅपवरून, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांनी काढलेल्या. तोच नकाशा फोनमध्ये ऑफलाइन ठेवा, फुकट मिळतो. विमान मोडवर बहुतेक फोनचं जीपीएस चालू राहतं आणि बॅटरी टिकते.

वेल्हेकर

साखळीवाले साहेब बरोबर सांगतायत. आमच्या भागातलं जरा जोडतो.

पावसाळा संपला की गवत छातीपर्यंत असतं. दिवाळीच्या पुढेमागे ते कापायला लोक जातात, भारे आणायला नव्या वाटा पडतात. त्या वाटा मूळ वाटेपेक्षा जास्त मळलेल्या दिसतात आणि कुठेतरी माळावर जाऊन संपतात. ढोरवाटांचं तर विचारूच नका. रिबिनी शेरडं खातात. शिवाय कुठल्या कुठल्या ट्रेकवाल्यांच्या जुन्या रिबिनी कारवीला लटकत असतात, त्यामुळे आदल्या दिवशीच्या माहितीसत्रात या वेळचा रंग कोणता ते नीट बघून घ्या.

आणि गावात विचाराल तर सांभाळून. "तोरण्याला कुठून?" म्हटलं की म्हातारी माणसं "हितनं सरळ वर" म्हणून सांगतील. ते खोटं नसतं, त्यांची वाट खरंच जवळची असते. पण शर्यतीचा चेकपॉइंट त्या वाटेवर नसतो, मग वर पोहोचून बाद!

राजगडाच्या आळू दरवाज्यातून संजीवनी माचीखाली उतरलं की पुढे तोरण्याकडे धार जाते. हवा स्वच्छ असेल तर तोरण्याचा बुधला सुळका समोर उभा दिसतो. तो दिसतोय तोवर घड्याळात डोकं खुपसायची गरज नाही. धुकं असेल, किंवा धारेवरून खाली रानात शिरलात, तर मात्र बघा.

पंचवटीएक्सप्रेस

बाप रे, एवढं सगळं! ब्रह्मगिरीचा ट्रॅक आत्ता परत उघडून बघितला. कड्याखाली माझी रेषा मूळ रेषेच्या बाजूबाजूनेच गेलीय, एका ठिकाणी तर थेट हवेत. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

बॅटरीचं विचारायचं राहिलं. घड्याळ जुनं आहे. मला 53 किमीला अकरा-बारा तास लागतील. खोक्यावर लिहिलेले तास आता मिळत नाहीत. ऊर्जा वाचवायचा एक मोड आहे, तो लावू का? आणि सराव कुठे करू? नाशिकहून पुण्याला एखादा शनिवार-रविवार येऊ शकते.

पेनाईनकर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या लीड्सजवळ. इकडची गंमत सांगतो. स्पाइन रेस म्हणून एक आहे, जानेवारीत, ईडेलपासून कर्क येथोमपर्यंत पेनाईन वे या लांबलचक पायवाटेवर, अख्ख्या 268 मैल. रिबिनी नाहीत. जीपीएस सक्तीचं आणि त्याबरोबर कागदी नकाशा आणि होकायंत्रही सक्तीचं. उलट दोन दिवसांची ओएमएम (ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन) ही शर्यत असते, तिच्यात जीपीएस बघून वाट काढायलाच बंदी. अमेरिकेतल्या बार्कली शर्यतीतही जीपीएस चालत नाही, आयोजक एक साधं घड्याळ हातात देतात आणि रानात लपवलेली पुस्तकं शोधून त्यातलं आपल्या क्रमांकाचं पान फाडून आणायचं. तेव्हा आधी नियम वाचा, हे सगळीकडे लागू.

माझा अनुभव विचाराल तर हिवाळ्यात धुकं उतरलं की दलदलीच्या पठारावर सगळ्या दिशा सारख्या दिसतात, आणि तेव्हा घड्याळ देवासारखं वाटतं. पण ओल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही. पावसाचं पाणी असो की तुमच्याकडचा घाम, पडदा आपणच पानं उलटत बसतो. शर्यतीपुरता टच बंद करून बटणांवर चालवायची सवय करा. कुठलं बटण काय करतं हे अंधारात न बघता सांगता आलं पाहिजे.

टेकडीबहाद्दर

पुस्तकाचं पान फाडायला एवढं पळायचं? आमच्या चिरंजीवांना पाठवतो, घरबसल्या फाडतात.

साखळीवाला

बॅटरी. तो ऊर्जा वाचवायचा मोड नको. त्यात बरीच घड्याळं दर सेकंदाला जागा न घेता मध्ये मध्ये झोपतात. सरळ रस्त्यावर चालून जातं, नागमोडी वाटेवर बाण एका वळणावरून थेट दुसऱ्या वळणावर उडी मारतो आणि तुम्हाला फाटा चुकल्याचं कळतच नाही. त्याऐवजी बाकीचं बंद करा. फोनशी जोडणी, सूचना, गाणी, सतत उजळलेला पडदा, मनगटावरचं हृदयगतीचं मोजमाप. रेषेचा पडदाही सतत लावून ठेवू नका, जास्त खातो. वेळ-अंतराच्या पानावर राहायचं, लागेल तेव्हा रेषेवर जायचं.

मग एका रविवारी शर्यतीतल्याच सगळ्या सेटिंगवर चार तास पळा आणि किती टक्के गेले बघा. तासाला सहा टक्के जात असतील तर बारा तासांना बहात्तर, काही चिंता नाही. नऊ जात असतील तर आठ टक्के कमी पडतील, मग छोटी पॉवर बँक आणि वायर सोबत. पण चार्जिंग चालू असताना नोंद चालू राहते का, हे घरीच बघा. काही घड्याळं वायर लावली की नोंद थांबवतात. आणि पाणी प्यायला, खायला जिथे थांबणार तिथेच लावायचं. धारेवर चालताना वायर लोंबकळत ठेवू नका, कारवीत अडकते.

सरावाला कात्रज-सिंहगड. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी, वाघजाईच्या देवळाकडून सुरुवात करा. लोक तिथे रात्री चांदण्यात जातात, तुम्ही पहिल्यांदा दिवसा जा, कुणालातरी सोबत घेऊन. एकामागून एक टेकड्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक टेकडीवरून एखादी सोंड भलतीकडे उतरते. घड्याळ शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. पहिल्या टेकड्यांवर घड्याळ बघून जा. मग तासभर न बघता, फक्त डोळ्यांनी, आणि प्रत्येक फाट्यानंतर तपासा की तुम्ही निवडलेली वाट रेषेवर आहे का. त्यात एकदोन ठिकाणी मुद्दाम भलत्या सोंडेवर पन्नास पावलं उतरा, इशारा नक्की कधी येतो ते मोजा. आपल्या घड्याळाचा हा उशीर ज्याचा त्याने मोजायचा असतो, मॉडेलप्रमाणे बदलतो, दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही.

आतकरवाडीची सिंहगडची वाट जाऊन-येऊन करा, फाइलचे दोन तुकडे करून. चढ संपल्यावर दमलेल्या हाताने, घामेजल्या बोटाने दुसरी फाइल सुरू करता आली की झालं.

आणि पेनाईनकर म्हणतात तसा एक कागद ठेवाच. मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर खुणांची यादी करतो: नाव, मागच्या खुणेपासून अंतर, उंची, कट-ऑफची वेळ, आणि एका ओळीत "विहिरीनंतर डावीकडे" असलं काहीतरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात. आमच्या मोजणीत त्याला काही मान नाही, पण घड्याळ बंद पडलं तरी त्यावर तोरणा गाठता येतो.

पंचवटीएक्सप्रेस

कात्रज-सिंहगडला पुढच्या महिन्यात यायचं ठरवलं, मैत्रीण तयार आहे. शेवटचा एक प्रश्न: फाइलमधल्या खुणांना नावं मराठीत देऊ का? वाचायला सोपं जाईल.

साखळीवाला

आधी एक टाकून बघा. बऱ्याच घड्याळांवर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात. तसं झालं तर रोमन लिपीत द्या, आणि नाव लहान ठेवा, सात-आठ अक्षरांत. मोठं नाव मध्येच तुटतं, आणि "राजगड पाणी" आणि "राजगड फाटा" दोन्ही नुसते "राजगड" दिसतात.